इतर हक्कात कोणाचं नाव? : 'मुळशी पॅटर्न' आणि कर्जाची गोष्ट

२०१८ हे साल पुणे जिल्ह्याच्या जमाखर्चात लाल शाईनं लिहून ठेवण्यासारखं आहे. फेब्रुवारीत बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांना ठेवीदारांची फसवणूक केल्याच्या आरोपाखाली अटक झाली. ३० ऑगस्टला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणानं लवासा कॉर्पोरेशनविरुद्धची दिवाळखोरीची याचिका दाखल करून घेतली. सप्टेंबरात आयएलअँडएफएस ही रस्ते-पूल-बोगद्यांना पैसा पुरवणारी अवाढव्य कंपनी हप्ते चुकवू लागली आणि १ ऑक्टोबरला केंद्र सरकारनं तिचं संचालक मंडळ बरखास्त करून नवं नेमलं. आणि २३ नोव्हेंबरला 'मुळशी पॅटर्न' थेटरात लागला.

पहिल्या तीन बातम्या पेपरात अर्थविषयक पानांवर गेल्या, चौथी मनोरंजनाच्या पुरवणीत. त्यामुळे त्या एकमेकींच्या शेजारी बसून आपण कधी वाचल्या नाहीत. मला त्या एकत्र वाचायच्या आहेत. तिथे प्रश्न होता, पैसे कोणी बुडवले? सिनेमात प्रश्न होता, जमीन कोणी घालवली? मुळशीत राहणाऱ्या माणसाला हे दोन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. ज्या जमिनीवर तो पैसा येऊन पडला, ती आमच्या तालुक्यातली होती.

प्रवीण तरडे स्वतः मुळशीचे. सिनेमात भाषा इथलीच आहे, पुण्याच्या नाटकवाल्यांनी ऐकून ऐकून बनवलेली ग्रामीण बोली नाही. भूगाव, पिरंगुट, पौड या पट्ट्यातल्या पोरांना आपण पडद्यावर आहोत असं पहिल्यांदा वाटलं ते याच सिनेमात. ओम भूतकरचा राहुल्या हा मराठी पडद्यावरच्या गेल्या काही वर्षांतल्या सर्वांत जिवंत माणसांपैकी एक आहे. त्याच्या चालण्यात अपमान आहे, आणि तो अपमान त्याच्या बापाचा आहे. हे सगळं मान्य करूनच मला त्या सिनेमाशी भांडायचं आहे.

विकणारा दोषी

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. गावचा पाटील जमीन विकतो, पैसा येतो तसा जातो, आणि पाटलावर वॉचमन व्हायची वेळ येते. त्याचा मुलगा ते पाहून पेटतो, गुन्हेगारीत शिरतो, इतरांच्या जमिनी बळकावणाऱ्यांच्या हातातलं हत्यार होतो. मोहन जोशींनी बाप असा उभा केलाय की त्याच्याकडे बघताना आपल्यालाच खाली बघावंसं वाटतं.

इथे मला एक जुना सिनेमा आठवतो. बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'मध्ये (१९५३) शंभू महतो शेवटी गावी परततो तेव्हा त्याच्या जमिनीवर कारखाना उभा राहत असतो. तो मूठभर माती उचलायला जातो आणि रखवालदार त्याला हटकतो. पासष्ट वर्षांनंतर मुळशीच्या गोष्टीत रखवालदार कोण आहे? शेतकरी स्वतः. कुंपणाबाहेरचा माणूस कुंपणावर उभा केलाय, त्याला युनिफॉर्म दिलाय आणि महिन्याचा पगार लावलाय. तरड्यांनी हे पाहिलं, ही त्यांची मोठी कमाई आहे. निव्वळ हिशेबी नजरेला हे दिसलं नसतं.

पण त्याच बापाला सिनेमा जबाबदारही धरतो. गोष्टीचं तात्पर्य, सिनेमा संपताना आणि दिग्दर्शकाच्या मुलाखतींतून आपल्या हातात पडतं ते, एवढंच उरतं : जमिनी विकू नका. विकली म्हणून घर बुडालं, बाप विकायला तयार झाला म्हणून पोरगं वाया गेलं. दोष असा घरातच फिरत राहतो, बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून पुन्हा बापाकडे.

हे तात्पर्य गावात सगळ्यांना पटतं, कारण ते आधीपासून पारावर बोललं जात होतं. गाडी घेतली, सोनं घेतलं, लग्नात पैसा उधळला, निवडणूक लढवली, संपलं. प्रत्येक गावात असा एकेक माणूस दाखवता येतो. पण असा माणूस दाखवता येतो म्हणूनच मला शंका येते. बोट दाखवायला जो सर्वांत सोपा, तोच सर्वांत जास्त दोषी कसा निघतो?

आणि प्रेक्षकांनी सिनेमातून काय उचललं, तेही बघा. 'विकू नका' किती जणांच्या लक्षात राहिलं माहीत नाही. राहुल्याचा रुबाब मात्र प्रत्येक स्टेटसवर होता. बापाची चूक आणि मुलाचा सूड एवढेच दोन पर्याय गोष्टीत असतील, तर वीस वर्षांचं पोरगं दुसराच उचलणार.

हा पैसा येतो कुठून?

'मुळशी पॅटर्न'मध्ये जमीन विकणारे आहेत, घेणारे आहेत, दलाल, भाई, पोलीस आहेत. कर्ज देणारा मात्र पात्र म्हणून कुठेही उभा राहत नाही. जणू घेणाऱ्याच्या खिशात पैसा उपजतच होता.

प्रत्यक्षात तो कसा येतो? आपल्याकडे खासगी बिल्डरनं नुसती जमीन घ्यायची म्हटली तर बँकेनं त्यासाठी कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. जमिनीचे भाव वर-खाली होतात, ठेवीदारांचा पैसा त्यात अडकू नये म्हणून. दंडक शहाणपणाचा आहे. मग वाट निघाली ती बिगर-बँक वित्तसंस्थांकडून. या संस्थांना पैसा कोण देतं? बँका, म्युच्युअल फंड, ठेवीदार. म्हणजे तुमच्या-आमच्या एसआयपीचा आणि निवृत्त काकांच्या एफडीचा पैसा दोन दारं ओलांडून तिथेच पोचला, जिथे तो थेट जाऊ नये असं ठरलं होतं.

त्यानंतर फ्लॅट विकायचा. इमारत कागदावर असतानाच बुकिंग. 'आत्ता वीस टक्के भरा, बाकीचे ऐंशी ताबा मिळाल्यावर' या योजना आठवतात? घर घेणाऱ्याच्या नावावर कर्ज निघायचं, रक्कम आधीच बिल्डरकडे जायची आणि ताबा मिळेपर्यंतचं व्याज बिल्डर भरतो असं सांगितलं जायचं. बिल्डर भरायचा थांबला की व्याजाची नोटीस घर घेणाऱ्याच्या दारात. रिझर्व्ह बँकेनं बँकांना सप्टेंबर २०१३मध्येच सांगितलं होतं की बांधकाम जसं पुढे सरकेल तसेच पैसे द्या. गृहवित्त कंपन्यांना राष्ट्रीय आवास बँकेनं असं बजावायला जुलै २०१९ उजाडला. मधली सहा वर्षं त्या दारातून काय काय गेलं असेल, विचार करा.

२०१८च्या सप्टेंबरात हे सगळं एकदम अडलं. आयएलअँडएफएसवर सुमारे ९१ हजार कोटींचं कर्ज होतं आणि काही आठवडे आधीपर्यंत तिला ट्रिपल-ए, म्हणजे सर्वांत सुरक्षित, असं मानांकन होतं. ती कोसळल्यावर म्युच्युअल फंडांनी हात आखडले. २१ सप्टेंबरला डीएचएफएल या गृहवित्त कंपनीचा शेअर एका दिवसात चाळीस टक्क्यांहून जास्त पडला. पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेनं तिचं संचालक मंडळ बाजूला सारलं. सुमारे ८७ हजार कोटींचे दावे होते. पिरामल समूहानं ती सुमारे ३४ हजार कोटींना घेतली. सीबीआयनं मार्च २०२१मध्ये नोंदवलेल्या गुन्ह्यातला आरोप तर असा आहे की कंपनीच्या पुस्तकांत वांद्र्याची एक अस्तित्वातच नसलेली शाखा होती आणि तिच्यात २ लाख ६० हजार बनावट गृहकर्ज खाती. नसलेल्या शाखेतली नसलेल्या माणसांची कर्जं! ही कल्पना एखाद्या मराठी कथाकाराला सुचायला हवी होती. आमच्याकडे मात्र भाईच्या गोष्टी निघत राहिल्या.

अमेरिकेत २००८ साली घरात राहणाऱ्यांना हप्ते भरता येईनात. आपल्याकडचं चित्र उलटं. इथला कर्जदार इमानेइतबारे हप्ता भरतोय, वर भाडंही भरतोय, आणि घरच तयार नाही. पन्नास लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ४३,४०० रुपये बसतो आणि फेड होते एक कोटी चार लाखांची. ताबा नसलेल्या घरासाठी हा आकडा महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जात असतो. ही गोष्ट सांगायला पिस्तूल लागत नाही, म्हणून कदाचित ती सिनेमात येत नाही.

दासवे ते दिवाळखोरी

लवासाचं पहिलं शहर दासवे. वरसगाव धरणाच्या पाण्याकाठचं हे गाव मुळशी तालुक्यातलं. १९९६च्या गिरिस्थान धोरणाखाली २००१मध्ये इथला अठरा गावांचा परिसर अधिसूचित झाला आणि इटलीतल्या पोर्तोफिनोचा आदर्श समोर ठेवून रंगीत इमारती उभ्या राहिल्या. लवासाबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलं. राजकारण्यांचा दोष, कंपनीचा दोष, नोव्हेंबर २०१०मध्ये काम थांबवणाऱ्या पर्यावरण मंत्रालयाचा दोष. प्रत्येक बाजूकडे स्वतःचा एक खलनायक तयार होता. २०११मध्ये अटींसह परवानगी मिळाली, पण काम थांबलं होतं तेव्हा व्याज थांबलं नव्हतं. समभाग विकून दोन हजार कोटी उभे करायचा बेत होता, तोही तडीस गेला नाही.

पुढे काय झालं ते आकड्यांत वाचा. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत मान्य झालेले दावे सुमारे ६,६४२ कोटींचे. जुलै २०२३मध्ये मंजूर झालेली योजना १,८१४ कोटींची, आठ वर्षांत द्यायची. म्हणजे रुपयाला सरासरी सत्तावीस पैसे. पुढे तीही योजना तडीला गेली नाही. दावेदारांत ८३७ घरखरेदीदार होते. त्यांना धनको म्हणून रांगेत उभं राहायचा हक्क मिळाला तोच मुळी जून २०१८च्या वटहुकमानं, लवासाची प्रक्रिया सुरू होण्याच्या जेमतेम तीन महिने आधी.

या रांगेत दासव्याचा माणूस कुठे आहे? कुठेच नाही. त्यानं जमीन विकली, त्याचे पैसे त्याला मिळाले, कायद्याच्या दृष्टीनं त्याचा विषय संपला. कोणाचं किती बुडालं याची सरकारी यादी बनते तेव्हा ज्याची डोंगरउताराची शेती गेली त्याचं नाव त्यात नसतं. त्याचं नाव येतं ते फक्त 'मुळशी पॅटर्न'मध्ये, आरोपी म्हणून.

याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, लोणावळ्याच्या अंगाला, सहाराची ॲम्बी व्हॅली आहे. लहान गुंतवणूकदारांची देणी वसूल व्हावीत म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २०१७मध्ये तिच्या लिलावाचा आदेश दिला. गिऱ्हाईक मिळालं नाही. एका तालुक्यात दोन स्वप्ननगरी, दोन्हींत दुसऱ्याचा पैसा आणि दोन्हींखाली मावळ्यांची जमीन. याला मी मुळशी पॅटर्न म्हणेन.

त्यांच्या गोष्टी

अमेरिकनांनी आपल्या संकटावर सिनेमे काढले, त्यांतला 'द बिग शॉर्ट' (२०१५) बहुतेकांनी पाहिलाय. ॲडम मॅकेनं त्यात कर्जाची गुंडाळी कशी होते हे बाथटबमधल्या मार्गो रॉबीकडून समजावून घेतलं. हुशार सिनेमा आहे. पण त्यात कर्ज देणारे, विकणारे, त्यावर पैजा लावणारे सगळे दिसतात आणि ज्यांची घरं गेली ते जेमतेम दोन-चार प्रसंगांत तोंड दाखवून जातात. आपल्या उलट. तिथे सावकार सगळे आणि कूळ गायब, इथे कूळ आहे आणि सावकार गायब.

'मुळशी पॅटर्न'चा खरा भाऊ वेगळाच आहे. रामिन बहरानीचा 'नाइन्टी नाइन होम्स' बघा. फ्लोरिडातल्या एका बांधकाम मजुराचं घर जातं. ज्या दलालानं त्याला आईसकट आणि मुलासकट बाहेर काढलं, त्याच्याचकडे तो नोकरीला लागतो आणि इतरांना घराबाहेर काढू लागतो. राहुल्याचा आणि याचा प्रवास एकच आहे : ज्यानं हिसकावलं त्याची चाकरी. फरक असा की बहरानी दलालाला पुरेसा वेळ देतो. बँक, सरकारी योजना, कोर्टात सादर होणारे कागद हे सगळं गोष्टीच्या आत येतं. कोण कोणाच्या पैशावर उभं आहे हे प्रेक्षकाला कळतं, आणि तरी नायकाची जबाबदारी कमी होत नाही. हे जमतं, याचा तो पुरावा.

'मुळशी पॅटर्न'च्या हिंदी अवताराचं उलटं झालं. 'अंतिम' (२०२१) आला तेव्हा शीर्षकातून मुळशी गेली आणि सलमान खानच्या पोलिसाला सिनेमाभर जागा मिळाली. जमिनीचा प्रश्न गुंड विरुद्ध पोलीस एवढ्यावर आला. मूळ सिनेमात निदान बाप मध्यभागी होता.

सावकाराला चेहरा होता तेव्हा

आपल्याकडे कर्ज देणारा पडद्यावर नेहमीच अदृश्य नव्हता. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' १९२५चा. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा तो मूकपट. त्यात जमीन सावकाराकडे जाते आणि तरुण शेतकरी, म्हणजे व्ही. शांताराम, शहराकडे जाऊन गिरणी कामगार होतो. गोष्ट तीच, मुळशीचीच म्हणा. पण शीर्षकातच दोष कोणाचा ते लिहिलंय.

हा सावकार लेखकाच्या डोक्यातून आला नव्हता. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. त्यामागेही अमेरिका होती! तिथल्या यादवी युद्धात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी सढळ हातानं उचल दिली. १८६५ला युद्ध संपलं, भाव उतरला, उचल बंद झाली आणि वसुली सुरू झाली. सरकारनं चौकशी आयोग बसवला. आयोगानं सरकारी शेतसाऱ्याला दोषमुक्त केलं आणि ठपका सावकारांवर ठेवला. म्हणजे चेहरा असण्याचाही तोटा असतो. सावकाराचं तोंड समोर होतं म्हणून साहेबाचा सारा मागे लपू शकला.

मुळशीत तर याहून गुंतागुंतीचं घडलं. १६ एप्रिल १९२१ला टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचं नाव आपल्याला शाळेपासून पाठ असतं. राजेंद्र व्होरांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला तो मात्र शाळेत कोणी सांगत नाही. मुळशी पेट्यातल्या पुष्कळ जमिनी मावळ्यांनी कसल्या तरी कागदावर त्या पुण्यातल्या सावकारांच्या होत्या. मावळ्यांना जमीन हवी होती, सावकारांना नुकसानभरपाई चांगली मिळाली की पुरे होतं. लढ्यात फूट पडली ती इथेच. धरण झालं. टाटांचं नाव राहिलं, बापटांचं राहिलं, कसणाऱ्यांचं आणि घेणेकऱ्यांचं विरून गेलं.

अमेरिकेतही दोषी शोधायला आयोग बसला होता. दहा सदस्यांच्या त्या आयोगानं जानेवारी २०११मध्ये अहवाल दिला. बहुमतानं म्हटलं की संकट टाळता आलं असतं. पण सदस्य एकमतावर येऊ शकले नाहीत. एकाच पुस्तकात तीन मतं छापावी लागली. सुप्याच्या आयोगाला एक दोषी मिळाला, वॉशिंग्टनच्या आयोगाला इतके मिळाले की यादीवर भांडण झालं. दोन्हीकडे, गोष्ट कोण लिहितोय यावर दोष कोणाचा ते ठरलं.

मग दोष कोणाचा?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, सगळेच थोडे थोडे दोषी, सोडून द्या. मला ते मान्य नाही. 'सगळेच दोषी' म्हणणं ज्याचा दोष सर्वांत मोठा त्याला सर्वांत सोयीचं असतं.

माझी कसोटी साधी आहे. कोणाच्या टेबलावर सगळे कागद होते? आणि नाही म्हणायची ताकद कोणाकडे होती?

जमीन विकणाऱ्याच्या हातात त्याचा सातबारा होता, एवढंच. शेजारच्यानं विकल्यावर, रस्ता बंद झाल्यावर, पोरीचं लग्न ठरल्यावर नाही म्हणायची ताकद त्याच्यात किती उरते, हे इथे राहणाऱ्याला विचारा. घर घेणाऱ्याच्या हातात ब्रोशर होतं आणि बँकेचं मंजुरीपत्र. बँकेनं मंजूर केलंय म्हणजे कागद तपासले असतील, असं तो समजला आणि यात त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. बिल्डरला आपली परिस्थिती पुरती माहीत होती, त्याला मी सोडत नाही. पण प्रकल्पाचा खर्च, विक्रीचा अंदाज, जुनी कर्जं, अडलेल्या परवानग्या, बाजाराची चाल हे सगळं एका फायलीत घालून सही करायची जागा एकच होती. पैसा देणाऱ्याची. त्याच्या शेजारी ट्रिपल-एचा शिक्का मारणारा आणि मागच्या खुर्चीवर सहा वर्षं एक दार उघडं ठेवणारा नियामक. माझ्या यादीत पहिले तिघे हे.

यावर उत्तर असं येतं की कर्ज नसतं तर विकासही झाला नसता. हिंजवडी याच तालुक्यात आहे. तिथल्या कंपन्यांत पगार मिळवणाऱ्या हजारोंना घर हवं होतं आणि रोख पैसे कोणाकडेच नव्हते. खरं आहे. मीही कर्ज काढूनच इथे घर घेतलं. आमच्या सोसायटीच्या गेटवर आत मावळातून आलेले एक काका रात्रपाळीला असतात. एकदा त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचं लोन किती वर्षांचं?" म्हटलं, वीस. ते हसले, "मंग तुमचं बी अजून तुमचं न्हाईच की." त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. एका गेटच्या अलीकडे आणि पलीकडे उभ्या असलेल्या दोन माणसांचं नातं त्यांनी माझ्याआधी ओळखलं होतं. 'मुळशी पॅटर्न' या दोघांना एकमेकांसमोर उभं करतो : वॉचमन झालेला पाटील आणि त्याच्या जमिनीवर राहायला आलेला शहरी माणूस. त्या दोघांच्याही डोक्यावर कागद धरून बसलेला तिसरा मात्र चौकटीबाहेर राहतो.

विकासासाठी कर्ज लागतं हे मान्य केलं, की कर्ज देणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, वाढते. इतकं काही ज्याच्या सहीवर उभं राहतं, त्याच्या सहीची गोष्ट सांगायलाच हवी.

इतर हक्क

सातबारा आता मोबाइलवर दिसतो, तुम्ही पाहिला असेल. त्यात मालकाचं नाव ठळक असतं. बाजूला एक रकाना असतो, 'इतर अधिकार' असा छापलेला. गावात त्याला 'इतर हक्क' म्हणतात. जमिनीवर कोणाचा बोजा आहे हे तिथे लिहिलेलं असतं. जाणता माणूस जमीन घेताना मालकाच्या नावाआधी तो रकाना वाचतो.

मराठी सिनेमानं आणि कादंबरीनं जमिनीच्या गोष्टीत मालकाचं नाव अनेकदा लिहिलं, पिकाची नोंदही केली. इतर हक्काचा रकाना मात्र 'सावकारी पाश'नंतर हळूहळू कोरा पडत गेला. सावकार संपला म्हणून तसं झालं असं मला वाटत नाही. तो वातानुकूलित कार्यालयात गेला, त्याची भाषा इंग्रजी झाली, त्याला व्यक्तिचित्रणाला लागतं ते नाक-डोळे उरले नाहीत. असा माणूस कथेत आणणं अवघड असतं. भाई आणणं सोपं.

पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे. पिरंगुटच्या एखाद्या शाखेतला तिशीतला लोन ऑफिसर घ्या. तोही इथल्याच कुठल्या तरी पाटलाचा मुलगा असेल. तिमाही संपत आलीय, टार्गेट राहिलंय, समोरच्या फायलीतला प्रकल्प अडलेला आहे हे त्याला गावामुळे माहीत आहे, कारण ती जमीन त्याच्या मामाची होती. सही करायची की नाही? राहुल्यानं कोयता उचलला त्या क्षणाइतकाच हा क्षण मोठा आहे. त्यात रक्त दिसत नाही, एवढंच. तरड्यांना गाव माहीत आहे, बोली येते, राग खरा आहे. ही गोष्ट लिहायला याहून जास्त काय लागतं?

तोपर्यंत 'मुळशी पॅटर्न' पुन्हा बघा, बघण्यासारखाच आहे. बाप मान खाली घालतो तिथे थांबा आणि त्याच्या सातबाऱ्याचा तो दुसरा रकाना मनातल्या मनात भरून काढा.